मालाला रॅम्प आहे, पोराला नाही



मी सोलापूरचा. मॅट्रिक पास. न्हावा शेव्याच्या बंदरात कंत्राटदाराच्या टोळीत राबतो. बोटीवरचे कंटेनर बांधायचे, बोट लागली की सोडवायचे. अधूनमधून कविता लिहितो. आज कविता देत नाही. आज एक हिशोब मांडतो आणि तो प्रस्थापितांच्या तोंडावर फेकतो. काही शिंतोडे आपल्याही अंगावर उडतील. उडू द्या.

गोदीत एक गोष्ट रोज बघतो, ती आधी सांगतो.

गोदीत सगळा माल सारखा येत नाही. एखाद्या पेटीत मासळी असते, तिला बर्फासारखी थंडी लागते. तर तिच्यासाठी बोटीवर वेगळी जागा, वेगळा वीजप्रवाह, दर काही तासांनी तिचं तापमान बघायला माणूस. एखाद्या खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र असतं. म्हणजे हळू उचला. एखाद्यावर बाण असतो. म्हणजे ही बाजू वर. एखाद्या पिंपावर लाल चौकट. म्हणजे ह्याला आगीपासून लांब ठेवा. एखादं यंत्र इतकं अवाढव्य असतं की कुठल्याच पेटीत मावत नाही. त्याच्यासाठी बिनछपराची चौकट आणतात, वेगळी क्रेन लावतात. गोदामाच्या धक्क्याला फोर्कलिफ्टसाठी उतार बांधलेला असतो. एकही पायरी नाही.

आता मला सांगा, इतक्या वर्षांत कुठला मुकादम म्हणाला का, की ह्या खोक्यात खोट आहे? ह्याच्या मागच्या जन्मीचं पाप आहे? ह्याला इथं घेऊ नका, ह्याच्यासाठी गावाबाहेर वेगळी गोदी काढा? नाही म्हणाला. कारण मालात पैसा आहे. माल वेगळा असला की गोदी बदलते. गोदीसाठी माल बदलायला कुणी सांगत नाही.

आता माझ्याबरोबर सोलापूरला चला. एका शाळेच्या दारात उभे राहा. पाच पायऱ्या आहेत. त्या पाच पायऱ्यांपुढं ह्या देशाचा सगळा कायदा हात टेकून बसलाय.



माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा आहे. त्याला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही. पण हे आम्हाला कळलं तो चार वर्षांचा झाल्यावर. आई विड्या वळते. दिवसाला हजार विडी पुरी करायची तर मान वर करायला सवड नसते. हाक मारली की पोरगं बघत नाही, म्हणून तिनं त्याला हट्टी म्हणून बडवलं. कळल्यावर तिनं स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं. तिचा दोष काय? मोठ्या दवाखान्यांत आज बाळ जन्मलं की दोन-तीन दिवसांत यंत्र लावून कान तपासतात. आमच्या गल्लीत तपासणी म्हणजे थाळी वाजवून बघायची.

सोलापूर म्हणजे चार भाषांचं गाव. घरात मराठी, विडी कारखान्यात तेलुगू, शेजारी कानडी, रस्त्यापलीकडं उर्दू. इथलं शेंबडं पोरगंही चार भाषांत शिव्या देतं. ह्या चार भाषांच्या गल्लीत माझा भाऊ एकाही भाषेशिवाय वाढला.

शाळेत घातला. नाव पटावर गेलं. शेवटच्या बाकावर बसवला. गेल्या दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा त्यानं मला वही दाखवली. काय अक्षर दोस्तांनो! मोत्याचे दाणे. पानंच्या पानं भरलेली. खाली लाल शाईत शेरा, ‘छान’. माझी छाती फुगली. एका शब्दावर बोट ठेवून मी त्याला खुणेनं विचारलं, हे काय? शब्द होता ‘पाऊस’. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला माहीत नव्हतं. दुसरा शब्द. माहीत नाही. तिसरा. नाही. सहा वर्षं माझा भाऊ फळ्यावरच्या आकारांची चित्रं काढत होता. एका शब्दाचाही अर्थ त्याला कुणी दिला नव्हता.

मग मी दोन्ही हात वर नेऊन बोटं हलवत खाली आणली. पाऊस. तो हसला. आणि त्यानं माझ्यापेक्षा भारी पाऊस करून दाखवला. आधी आभाळ, मग वारा, मग आईनं दोरीवरचे कपडे ओढले, मग आमचा पत्रा गळला. सगळा पाऊस पोराच्या हातात होता. शाळेच्या फळ्यावर तेवढा नव्हता.

मी शाळेत गेलो. सर भले माणूस. चहा पाजला. म्हणाले, “चाळीस पोरं बघू का तुमच्या एकट्याला बघू? पण काळजी करू नका. तुमचा भाऊ शांत बसतो. अजिबात त्रास देत नाही.”

त्रास देत नाही! हे वाक्य मी गोदीपर्यंत घेऊन आलो. रात्रपाळीला ते माझ्या डोक्यात वाजत राहिलं. अरे, आपल्या आज्याबद्दल गावचा पाटील हेच म्हणायचा ना? माणूस चांगला आहे, वेशीबाहेर राहतो, त्रास देत नाही.



काही शहाणे म्हणतील, अपंगांचा प्रश्न दयेचा आहे, त्यात जात कशाला आणता? त्यांना सांगतो. जात तुमच्या पोथीनंच आणली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आंधळे, बहिरे, मुके, वेडे ह्यांना बापाच्या इस्टेटीतून वाटा नाकारलाय. अकराव्या अध्यायात कुठल्या पापानं कुठलं व्यंग येतं ह्याची यादी दिलीय. म्हणजे ज्या कर्मसिद्धांतानं आपल्याला अस्पृश्य केलं, त्याच कर्मसिद्धांतानं पांगळ्या पोराच्या आईला पापी ठरवलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ही पोथी जाळली, त्या आगीत ही पानंही होती. आपण ती पानं मोजायला विसरलो.

आणि आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत देशातले २ कोटी ६८ लाख लोक अपंग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हेच प्रमाण २.४५ टक्के. हा काय योगायोग आहे? ज्यांच्या बायका उपाशीपोटी बाळंत होतात, ज्यांच्या वस्तीत डॉक्टर शेवटी पोचतो, ज्यांचे बाप गटारात उतरतात, ज्यांचे हात यंत्रात जातात, त्यांच्याच घरात हा आकडा फुगतो. त्याच जनगणनेत पाच ते एकोणीस वयाच्या अपंग पोरांपैकी सुमारे ६१ टक्के शाळेत होती. साधारण २७ टक्क्यांनी शाळेचं तोंडच बघितलं नव्हतं. दर चारातलं एक पोर. ह्यात माझा भाऊ मोजला तर तो ‘शाळेत आहे’ ह्या खान्यात पडतो. त्याची वही मी तुम्हाला दाखवली. आता सांगा, त्या ६१ मधले खरे किती?

नाव मात्र झकास ठेवलंय. दिव्यांग! आपल्याला एकदा असंच नाव दिलं होतं, हरिजन. देवाची माणसं. देवाची माणसं आणि देवळाच्या बाहेर. आता ह्यांचं अंग दिव्य, आणि दिव्य अंगाला मुतायला जागा नाही. ज्याला हक्क द्यायचा नसतो त्याला देवाच्या खात्यावर टाकायचं, ही ह्या देशाची जुनी लबाडी आहे.



बाबासाहेब पोरवयात शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर कोरडा घसा. हे आपल्यातल्या प्रत्येक पोराला पाठ आहे.

आता आमच्या पलीकडच्या गल्लीतली एक पोरगी ऐका. पायानं अधू. चाकाची खुर्ची आहे, शाळेला रॅम्पही झालाय. पण संडासाच्या दाराला उंबरा आहे आणि दार खुर्चीपेक्षा अरुंद. म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. शाळा सुटेपर्यंत. सोलापूरचा उन्हाळा, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आणि पोरगी जाणूनबुजून तहानलेली. बाबासाहेबांचा घसा कोरडा ठेवला शिपायानं. हिचा कोरडा ठेवला उंबऱ्यानं. कुणी मला ह्या दोन तहानांमधला फरक सांगावा.

रॅम्पचीही गंमत आहे. उतार म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा साधा नियम. बांधणाऱ्यानं जागा वाचवली, सिमेंट वाचवलं, पाच पायऱ्यांवर घसरगुंडी ओतली. फोटो काढला. बिल काढलं. त्या घसरगुंडीवरून चाकाची खुर्ची एकटीनं चढवून दाखवणाऱ्या इंजिनियरला मी माझा आठवड्याचा पगार देतो. असला उतार गोदीत बांधला असता तर पहिल्या दिवशी माल उलटला असता आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदार हाकलला असता.



मग वर्ग कसा पाहिजे? शिव्या देणं सोपं आहे. मी तज्ज्ञ नाही. पण एका विशेष शिक्षिकेच्या मागं दोन दिवस हिंडलो. दोन बशी बदलून, उन्हातान्हात पाच शाळा करणारी बाई. तिच्याकडून शिकलो आणि भावाकडून शिकलो ते सांगतो. ह्यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही.

ऐकू न येणाऱ्या पोराला पुढं बसवा, थोडं बाजूला, म्हणजे त्याला गुरुजीही दिसतात आणि उत्तर देणारी पोरंही दिसतात. उजेड गुरुजींच्या तोंडावर पडला पाहिजे. खिडकीला पाठ करून उभं राहिलं की तोंड काळं दिसतं. फळ्याकडं तोंड करून बोलू नका. फळा काही शिकणार नाही. कानाचं यंत्र दिलं म्हणजे काम झालं असं समजू नका. माझ्या भावाला एका शिबिरात यंत्र मिळालं, फोटोही निघाला. पण ते कानाच्या मापानं बसवलं नव्हतं, आणि यंत्र सगळाच आवाज वाढवतं. शेजारी पॉवरलूमची खटखट, वर पत्र्याचं छप्पर. पोराच्या डोक्यात अख्खा कारखाना घुसला. त्यानं ते काढून ठेवलं. सेल संपला तो संपलाच. वर्गाच्या खिडकीला जाड पडदा, बाकाच्या पायांना रबर, ही साधी कामं यंत्राइतकीच महत्त्वाची.

डोळ्यानं अधू पोराला मोठा ठसा, काळ्यावर पांढरं, आणि बोलून लिहिणारे गुरुजी पाहिजेत. “हे इथं, ते तिथं” म्हणणारे नकोत. तिथं म्हणजे कुठं? अजिबात न दिसणाऱ्याला ब्रेल पाहिजे, वेळेवर पाहिजे. परीक्षा झाल्यावर येणारं ब्रेलचं पुस्तक म्हणजे मयतीनंतर आलेला डॉक्टर. पुस्तकाच्या पानावरच्या क्यूआर कोडचं कौतुक आपल्या सोलापूर जिल्ह्यातनं जगभर गेलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक पुरस्कार मिळाला. अभिमान आहे. पण तो चौकोन न दिसणाऱ्या पोराला तो कुठल्या पानावर कुठं आहे हे हाताला लागलं पाहिजे, आणि त्याच्या मागं आवाज पाहिजे, खुणांची भाषा पाहिजे. एका गुरुजीच्या जिद्दीवर जिल्हा चालत नाही. आणि एका पुरस्काराच्या सावलीत उरलेल्या शाळा झाकू नका.

मतिमंद म्हणून ज्याला बाजूला बसवता, त्या पोराला काम तोडून द्या. “वही काढ, तारीख लिही, उतारा लिही” अशी तीन कामं एका दमात सांगू नका. एक सांगा. झालं की दुसरं. दिवसभरात काय काय होणार ते चित्रांत भिंतीवर लावा. स्वमग्न पोराला अचानक बदल सोसत नाही, घंटेचा कर्कश आवाज सोसत नाही. त्याला आधी कळवा. कोपऱ्यात एक शांत जागा द्या. शिक्षेची नको, श्वास घ्यायची. मोजायला मणी द्या, चिंचोके द्या. दोन आणि दोन चार हे हातात धरून बघू द्या.

आणि अक्षरं उलटीपालटी दिसणारं पोरगं. इथं तर जात नागडी होते. फ्लॅटमधल्या पोराला वाचता आलं नाही की त्याला मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरकडं नेतात. डिस्लेक्सिया. सर्टिफिकेट. परीक्षेत जादा वेळ, गणितात सवलत. महाराष्ट्रात ह्या सवलती १९९० च्या दशकापासून आहेत. देशाच्या अपंगांच्या कायद्यात हा प्रकार २०१६ साली आला. वस्तीतल्या पोराला तेच झालं तर त्याचं नाव ‘ढ’. त्याला छडी, मग कोंबडा, मग शाळा बंद, मग हॉटेलात कपबशी. एकच मेंदू, दोन पत्ते. एका पत्त्यावर आजार, दुसऱ्या पत्त्यावर लायकी. “ह्यांच्या डोक्यातच नाही” हे वाक्य आपण किती पिढ्या ऐकलं? त्यातल्या किती पोरांना नुसता जादा वेळ पाहिजे होता?

परीक्षेचंही तसंच. लेखनिक द्या, तासाला वीस मिनिटं जादा द्या, हे नियमात आहे. पण लेखनिक आदल्या दिवशी शोधायला लावू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याला सांगू द्या. ज्याला बोलता येत नाही त्याला करून दाखवू द्या. माझ्या भावाला पाऊस येत होता. ‘पाऊस’ लिहिलेला कागद तेवढा त्याला मुका होता.

एक आणखी. अपंग पोराला मदत करायला शेजारी हुशार पोरगं बसवतात. बसवा. पण त्याला भिक्षा घालायला शिकवू नका. आलटून पालटून बसवा. आज तू माझी वही धर, उद्या मी तुला चित्र काढून देतो. माझ्या भावासारखी चित्रं वर्गात कुणाला येत नाहीत. हे वर्गाला अजून माहीत नाही.



खुणांच्या भाषेवर थांबतो, कारण इथं मोठा दगा झालाय.

१८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणाची परिषद भरली. जमलेले जवळपास सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला, शाळेत खुणा बंद, पोरांनी ओठ वाचावेत आणि तोंडानंच बोलावं. जगभर बहिऱ्या पोरांचे हात दाबून ठेवले गेले. ती परिषद २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला पुन्हा भरली तेव्हा हा ठराव फेटाळला, खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षं! ज्यांचा प्रश्न, त्यांना न विचारता त्यांच्या भल्याचा ठराव. आपल्याला हे नवीन आहे का?

आणि आता गोदीत या. क्रेनच्या खाली आवाज एवढा की बाप मेला तरी ऐकू येणार नाही. आम्ही कसं बोलतो? हातांनी. बोट वर करून गोल फिरवलं, उचल. बोट खाली करून फिरवलं, सोड. तळहात आडवा, थांब. जगातल्या बंदरांत जवळपास ह्याच खुणा चालतात. फिलिपिन्सचा खलाशी आणि सोलापूरचा मी, दोघांना कळतं. वीस-वीस टन पेटी आमच्या हाताच्या खुणेवर हलते. म्हणजे भांडवलाला गरज लागली तिथं हातांची भाषा चालते, तिच्यावर विमा उतरतो, तिची ट्रेनिंग होते. पोराला गरज लागली तिथं म्हणे ती भाषाच नव्हे!

दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र निघालं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर एकसारखी करायचं लिहिलंय. २०१६ च्या कायद्यात ती शिकवायची जबाबदारी लिहिलीय. पण माझ्या भावाच्या शाळेत ती येणारा एकही माणूस नाही.

म्हणून “सगळ्यांना एकाच वर्गात बसवा” एवढ्या घोषणेवर मी टाळी वाजवणार नाही. चाळीस बोलणाऱ्या पोरांत एक बहिरं पोरगं नुसतं बसवलं तर तो समावेश होत नाही. ती गर्दीतली वेशीबाहेरची जागा आहे. बहिऱ्या पोराला दुसरी बहिरी पोरं लागतात. भाषा एकट्याला येत नाही. जोतिबा-सावित्रीबाईंनी महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढल्या त्या त्यांना वेगळं ठेवायला काढल्या नाहीत. त्यांना आत घ्यायला काढल्या. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली आपल्या ह्याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. का? कारण नुसतं शाळेचं दार उघडून भागत नाही हे त्यांना कळलं होतं. पोटात अन्न, डोक्यावर छप्पर, सोबतीला आपल्यासारखी चार पोरं, तेव्हा वर्ग सुरू होतो. वेगळी शाळा की एकत्र शाळा, हा प्रश्न पोराच्या बाजूनं विचारा. मुख्याध्यापकाच्या सोयीनं विचारू नका. “घरीच शिकवा” ही वाट कायद्यात गंभीर किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या पोरांसाठी आहे. तिच्या नावाखाली चालतं पोरगं घरी ठेवाल तर ती अस्पृश्यताच आहे, फक्त लेटरहेडवर टाईप केलेली.



कायदे कमी नाहीत. १९९५ चा कायदा. २००९ चा शिक्षणहक्क. २०१२ साली त्यात दुरुस्ती करून अपंग पोरं वंचित गटात घातली. २०१६ चा हक्कांचा कायदा, एकवीस प्रकार, सहा ते अठरा वयापर्यंत फुकट शिक्षण. पण त्यातही मेख आहे. चाळीस टक्के! सरकारी दवाखान्यात बोर्ड बसणार, पोराची टक्केवारी काढणार. आई मजुरी बुडवून तीन खेपा मारणार. मशीन बंद, डॉक्टर रजेवर, साईट डाऊन. आणि शेवटी अडतीस टक्के आले तर? पोरगं अपंगपणात नापास! आपल्याला जातीच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचा कागद मागतात, ह्यांना चाळीस टक्के मागतात. दुःखालाही पुरावा आणि पुराव्यालाही शिक्का.

पैसा बघा. समग्र शिक्षा योजनेत अपंग विद्यार्थ्यामागं वर्षाला जास्तीत जास्त ३,५०० रुपये धरलेत. भागाकार करा. दिवसाला दहा रुपयेसुद्धा नाहीत. एका कटिंग चहात तुम्ही ब्रेल, यंत्र, प्रवास, मदतनीस सगळं बसवणार.

माणसं बघा. सुप्रीम कोर्टानं २०२१ साली सांगितलं, प्राथमिकला अशा दहा पोरांमागं एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरा पोरांमागं एक. महाराष्ट्रात हे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. २०२४ साली राज्य सरकारनं ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे केंद्रामागं एक. एका केंद्रात दहा-दहा, बारा-बारा शाळा असतात. म्हणजे ती बाई माझ्या भावाच्या वाट्याला आठवड्यात किती मिनिटं? आणि मी स्वतः कंत्राटी आहे, मला माहीत आहे, ज्याचा स्वतःचा महिना पक्का नाही त्याच्याकडून धीर धरायची अपेक्षा करायला तोंड लागतं. त्यातच २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचे प्रस्ताव मागवले. धडधाकट पोराला तीन किलोमीटर म्हणजे सायकल. पायानं अधू पोरीला तीन किलोमीटर म्हणजे शिक्षणाचा शेवट. नाहीतर आईची कंबर. बारा वर्षांची पोरगी कमरेवर घेऊन चालणारी बाई बघितलीय का कधी? तिची मजुरी कोण भरणार?



आता आपल्याकडं वळतो.

आपल्या चळवळीनं पँथर हे नाव १९७२ साली घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. त्यांची एक गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही. १९७७ चा एप्रिल. अपंगांच्या हक्काच्या कायद्याचे नियम चार वर्षं सहीविना लटकलेले. सॅन फ्रान्सिस्कोत सव्वाशे-दीडशे अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसली आणि तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिली. कुणाला श्वासाचं यंत्र, कुणाला चाकाची खुर्ची. सरकारनं टेलिफोन तोडले. तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप धाडले! आणि पलीकडच्या ओकलंडहून काळे पँथर रोज गरम जेवण घेऊन येत. आंदोलनात त्यांचाच एक पँथर होता, ब्रॅड लोमॅक्स, चाकाच्या खुर्चीवर. २८ एप्रिलला मंत्र्यानं सही केली. हे पँथर होते. ज्याच्यावर अन्याय, त्याच्या दारात भाकरी घेऊन उभे.

आणि आपण? आपली बैठक दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्यानं. आपल्या जयंतीचा डीजे असा की आणखी चार पोरांचे कान जावेत. आपल्या शिव्या बघा. आंधळं सरकार, बहिरा समाज, लंगडी लोकशाही. मी स्वतः लिहिलंय. ‘बहिऱ्यांनो ऐका’ अशी ओळ लिहून टाळ्या घेतल्यात. घरी धाकट्यानं मासिक हातात घेऊन माझ्या नावावर बोट ठेवलं आणि कौतुकानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी मी शब्द गिळला. सरकार बहिरं नाही रे. सरकारला सगळं ऐकू येतं. ते ऐकून घेत नाही. बहिऱ्या माणसाचा तो अपमान कशाला?

तर मागण्या मांडतो. ३ डिसेंबरच्या हारतुऱ्यांसाठी नाहीत. दाराशी बसून मागायच्या आहेत.

प्रत्येक शाळेतला रॅम्प आणि संडास चाकाच्या खुर्चीवरच्या पोरानं तपासावा, त्यानंतर बिल निघावं.
सुप्रीम कोर्टाच्या प्रमाणात विशेष शिक्षक, कायम नोकरीवर. सुट्टी-मजुरी-पेन्शनसकट.
शहराच्या प्रत्येक भागात एका शाळेत तरी खुणांची भाषा येणारे गुरुजी, आणि तिथवर पोरांना नेणारं फुकट वाहन. त्या शिक्षकांत बहिरी माणसं असावीत.
बाळाचे कान-डोळे प्रसूतिगृहातच तपासावेत, वस्तीतल्या बाळाचेसुद्धा.
दाखल्याचं शिबिर शाळेत भरवावं. दाखला नाही म्हणून कुठल्याही पोराची मदत थांबवू नये.
पोराला आणणाऱ्या आईची बुडालेली मजुरी सरकारनं भरावी.
आणि आपली पुढची बैठक तळमजल्यावर.



वर्ग चांगला की वाईट हे कसं ओळखायचं? निकालानं? अक्षरानं? माझ्याकडं एक वजनकाटा आहे. पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग पोरगी तीन वर्षं शिकली. चौदा वर्षांची होती. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिनं मांग-महारांचं दुःख मांडलं आणि धर्माच्या मालकांनाच जाब विचारला. तीन वर्षांत! वर्गाची परीक्षा ही आहे. पोरगं तिथून बाहेर पडताना तक्रार करायला शिकलं का? मला कळलं नाही, पुन्हा सांगा, असं म्हणायची ताकद त्याला आली का?

ह्या वेळी सुट्टीला गेलो तेव्हा धाकट्याला मी गोदीच्या खुणा शिकवल्या. एका संध्याकाळी पाठ. विशेष शिक्षिकेनं आणखी चाळीसेक शब्द दिले. मी परत आलो आणि आठवड्यानं शाळेतून आईला बोलावणं आलं. सर म्हणाले, “तुमचं पोरगं बिघडलं. मी फळ्याकडं तोंड करून लिहायला लागलो की बाक वाजवतं. मी वळलो की तळहात आडवा धरतं आणि बोटानं स्वतःचं तोंड दाखवतं. काय करूलालाय कळत नाही. आता त्रास देतं.”

आईनं फोनवर रडत सांगितलं. मी डेकवर होतो. खाली क्रेन चालू होती. मी तिला म्हणालो, रडू नको. तो म्हणतोय, थांबा, इकडं तोंड करून बोला.

दोस्तांनो, माझा भाऊ त्रास द्यायला लागलाय. आता आपण सगळे मिळून देऊ.

जयभीम!